नदीकाठ सुधार प्रकल्प म्हणजे नेमकं काय? आणि पिंपरी-चिंचवडच्या नद्यांचा प्रश्न मावळ-लोणावळ्यात का सुरू होतो?

वारी जवळ आली की दरवर्षी एक व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतो. आळंदीची इंद्रायणी आणि तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर. लांबून पाहिलं तर बर्फ पडल्यासारखं वाटतं. वारकरी तोच फेस हाताने बाजूला सारतात आणि स्नान करतात.

मधूनच याच नद्यांची दुसरी चित्रंही फिरतात. हिरवळ, दगडी घाट, सायकल ट्रॅक, दिव्यांच्या रांगा, निळंशार पाणी. खाली लिहिलेलं असतं, 'असा होणार नदीकाठ.'

पहिल्या चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं कसं? त्यासाठी काठावर फरशी बसवून भागेल का? आणि पिंपरी-चिंचवडच्या नदीचं बोलताना लोणावळा, कामशेत, पवनानगर यांची नावं का घ्यावी लागतात? एकेक करून समजून घेऊ.

नदीकाठ सुधार म्हणजे काय?

शहरं नदीच्या काठाने वाढली, पण पुढे त्यांनी नदीकडे पाठ फिरवली. घरांची मागची बाजू नदीकडे, नाले नदीत, राडारोडा काठावर. कधीकाळी धुणं, पोहणं, दशक्रिया, जत्रा जिथे व्हायची तो काठ शहराचं परसदार झाला. हा काठ पुन्हा वापरात आणायचा, म्हणजे नदीकाठ सुधार.

यात तीन वेगवेगळी कामं येतात. बातम्यांमध्ये ती एकत्र मिसळतात, म्हणून इथे वेगळी करून पाहू.

पहिलं काम पाण्याचं. सांडपाणी नदीत जाण्याआधी अडवायचं, शुद्ध करायचं आणि नदीत वर्षभर थोडं तरी वाहतं पाणी राहील असं पाहायचं.

दुसरं काम पुराचं. पावसाळ्यात नदीला पसरायला जागा ठेवायची.

तिसरं काम काठाचं. घाट, पायवाट, बाग, झाडं, बसायला जागा.

यातलं तिसरं काम डोळ्यांना दिसतं आणि त्याचे फोटो चांगले येतात. पहिली दोन कामं जमिनीखाली आणि कागदावर असतात, पण नदीचं भवितव्य त्यांच्यावरच ठरतं. वाद होतात ते बहुतेक या क्रमावरून.

मावळाचा यात काय संबंध?

पिंपरी-चिंचवड शहराला तीन नद्या लागतात. पवना शहराच्या मधून वाहते, सुमारे २४ किलोमीटर. इंद्रायणी उत्तरेच्या हद्दीवरून जाते, सुमारे २० किलोमीटर. मुळा दक्षिणेला पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामधली हद्द आहे. यातल्या पवना आणि इंद्रायणी या दोन नद्या मावळ तालुक्यातून येतात.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते. तिथून लोणावळा, कामशेत, तळेगावजवळचं इंदोरी, मग देहू, मोशी, आळंदी असं करत तुळापूरला ती भीमेला मिळते. हा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपासचा आहे.

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात पवना धरण आहे. पुढे नदी रावेत, चिंचवड, पिंपरी, सांगवी करत दापोडीला मुळेला मिळते. म्हणजे पुण्याच्या संगमावर जे पाणी पोहोचतं, त्यात पवनेचंही पाणी असतं.

मावळातले लोक आपल्या भागाची ओळखच नद्यांवरून सांगतात. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. तुमच्या घरातला इंद्रायणी तांदूळही इथलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने हा वाण १९८७ मध्ये दिला आणि त्याला नदीचं नाव मिळालं.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात साधारण सातशे. दोन ठिकाणांत अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं. त्यामुळे शहराच्या नदीत किती पाणी असेल, हे शहरातल्या पावसापेक्षा घाटमाथ्यावरच्या पावसावर आणि तिथल्या धरणांच्या दरवाजांवर ठरतं.

मावळातलं पाणी जातं कुठे?

पाऊस भरपूर असला, तरी या पाण्याचे वाटेकरीही बरेच आहेत.

सगळ्यात जुना वाटा विजेचा. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. त्यासाठी लोणावळा, वलवण आणि शिरवता इथे पाणी अडवलं गेलं. हे पाणी नैसर्गिक उताराने पूर्वेला गेलं असतं. ते घाटाखाली पश्चिमेला सोडलं जातं, त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते पाताळगंगेला मिळतं. म्हणजे इंद्रायणीच्या उगमाजवळच्या पाण्याचा एक भाग शंभरहून अधिक वर्षं कोकणात उतरतोय.

दुसरा वाटा शहराचा. पवना धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३१ कोटी लिटर. धरणातून पाणी नदीत सोडलं जातं, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे पिंपरी-चिंचवड महापालिका ते उचलते. रोज सुमारे ५०० दशलक्ष लिटर. नदी इथे शहराच्या जलवाहिनीचंही काम करते.

हे पाणी पुरत नाही म्हणून शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती आणि त्यानंतर ती झपाट्याने वाढली आहे. मग आंदर मावळातल्या आंद्रा धरणाचं पाणी घेण्यात आलं. ते इंद्रायणीतून वाहत येतं, निघोजे इथल्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होतं.

हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. इंद्रायणी ही आता फक्त तीर्थस्नानाची नदी राहिलेली नाही, पिंपरी-चिंचवडचा काही भाग तिचं पाणी पितो. म्हणजे लोणावळा, कामशेत किंवा तळेगावकडून नदीत काय सोडलं जातं, हा प्रश्न शहराच्या नळाशी जोडलेला आहे.

तिसरा वाटा मावळच्या शेतकऱ्यांचा. नदीकाठी मोटारी लावून ते पाणी उपसतात. नदी वाहती राहिली तरच त्यांची उन्हाळी पिकं आणि गावच्या पाणीयोजना चालतात.

९ ऑगस्ट २०११ ला काय झालं होतं?

या वाट्यांचा संघर्ष किती टोकाला जाऊ शकतो, हे मावळने पाहिलं आहे.

पवना धरणापासून थेट निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायची, असा प्रकल्प केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून मंजूर झाला. शहराची बाजू अशी होती की नदीतून येताना पाणी वाया जातं, त्यात घाण मिसळते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. पाइपमधून आणलं की हे टळेल.

मावळातल्या शेतकऱ्यांची बाजू अशी होती की शहरासाठी सोडलेलं पाणी नदीतून वाहतं म्हणूनच उन्हाळ्यात नदी जिवंत असते. सगळं पाणी पाइपात गेलं तर धरणाखालची पवना कोरडी पडेल. त्यातच धरणासाठी जमिनी दिलेल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळलेला होता. आधी जमीन गेली आणि आता पाणीही जाणार, अशी ती भावना होती.

९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला, त्यात एक महिला होती. प्रकल्पाचं काम थांबलं. हा विषय निवडणुकांत आणि सभांत आजही निघतो.

ही घटना नदीकाठाच्या चर्चेत आणण्याचं कारण साधं आहे. शहर वरच्या गावांना विश्वासात न घेता नदीविषयी ठरवू लागलं, की तिथले लोक त्या योजनेकडे संशयानेच पाहतात.

मग फेस येतो कुठून?

थोडं गणित करू. शहराला मिळणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी वापरानंतर सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नियोजनात धरलं जातं. एखाद्या शहराला रोज ६०० दशलक्ष लिटर पाणी मिळत असेल तर सुमारे ४८० दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होणार. ते सगळं गोळा होऊन सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे एसटीपीत, गेलं पाहिजे. जे जात नाही ते ओढ्या-नाल्यांतून नदीत येतं.

या सांडपाण्यात कपड्यांचा आणि भांड्यांचा साबण असतो. त्यात कारखान्यांतली रसायनं मिसळतात. असं पाणी बंधाऱ्यावरून जोरात खाली पडलं की घुसळलं जातं आणि फेस होतो. पाणी संथ असतं तिथे हीच घाण दिसत नाही. म्हणून फेस दिसला नाही म्हणजे नदी स्वच्छ आहे, असं समजू नका.

पवनेत दुसरं लक्षण दिसतं, ते म्हणजे जलपर्णी. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. संथ पाण्यात ती इतकी पसरते की नदी हिरव्या मैदानासारखी दिसते. दरवर्षी ती काढायला पैसे खर्च होतात आणि पुढच्या वर्षी ती परत येते, कारण खत बंद झालेलं नसतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवतं. त्यासाठी बीओडी हे माप वापरतात. पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागतो, ते यातून कळतं. आंघोळीसाठी हे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित पट्टे होते. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. पवना आणि इंद्रायणी त्या यादीत होत्या.

दोष शहराचाच आहे की वरच्या गावांचाही?

मोठा वाटा शहराचा आणि उद्योगांचा आहे, कारण लोकसंख्या आणि कारखाने तिथे आहेत. पण इंद्रायणी देहूला पोहोचण्याआधीच तिच्या काठावर बरंच काही बदललंय.

लोणावळ्यात शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात गर्दी किती असते, हे द्रुतगती मार्गावर अडकलेल्या कोणालाही सांगायला नको. हॉटेलं, बंगले, रिसॉर्ट यांचं सांडपाणी राहत्या लोकसंख्येच्या हिशेबाने मोजून चालत नाही. कार्ला, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात गृहप्रकल्प वाढले. पवना धरणाच्या काठाने फार्महाऊस आणि तंबूंची वस्ती झाली.

आणि कारभार किती जणांकडे आहे, तेही बघा. इंद्रायणीच्या काठावर लोणावळा नगरपरिषद, वडगाव नगरपंचायत, तळेगाव दाभाडे नगरपरिषद, देहू नगरपंचायत, देहूरोड कटक मंडळ, पिंपरी-चिंचवड महापालिका, आळंदी नगरपरिषद आणि मधल्या कितीतरी ग्रामपंचायती आहेत. महापालिकेच्या हद्दीत बऱ्याच ठिकाणी नदीचा एकच काठ येतो, समोरचा काठ दुसऱ्याच्या हद्दीत. एकाने नाला अडवला आणि समोरच्याने सोडला, तर नदीला काय फरक पडणार?

महापालिका कर्ज घेऊ शकते, रोखे काढू शकते. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये नदीकाठच्या कामांसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात आणलेही. ग्रामपंचायतीला हे शक्य नसतं. मैलाशुद्धीकरणाची यंत्रणा उभी करणं आणि ती वर्षानुवर्षं चालवणं तिच्या आवाक्याबाहेर असतं. त्यामुळे उगमापासून संगमापर्यंत एकच आराखडा हवा, ही मागणी पुढे आली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, यांनी इंद्रायणीसाठी असा आराखडा करण्याचं काम हाती घेतलं. योग्य दिशा हीच आहे. कस लागेल तो प्रत्यक्ष केंद्रं बांधण्यात आणि त्याहून जास्त ती रोज चालू ठेवण्यात.

इतर शहरांनी काय केलं?

आपल्याकडे नदीकाठ म्हटलं की पहिलं नाव येतं अहमदाबादच्या साबरमतीचं. त्यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली आणि २०१२ मध्ये काठ लोकांसाठी खुला झाला. दोन्ही बाजूंना सुमारे साडेअकरा किलोमीटर. नदीचं पात्र ठरावीक रुंदीत बांधून काढलं, भराव टाकून जमीन मिळवली आणि तिचा काही भाग विकून खर्च भरून काढायचा, असा बेत होता. काठावरची हजारो कुटुंबं हलवली गेली.

तिथलं पाणी मात्र साबरमतीचं नाही, ते नर्मदेच्या कालव्यातून येतं. आणि २०२२ च्या केंद्रीय अहवालात रायसण ते वौठा या साबरमतीच्या पट्ट्यात बीओडी २९२ मिलिग्रॅमपर्यंत नोंदवला गेला. मर्यादा आहे ३. शहराच्या मध्यभागी काठ देखणा झाला, पण शहर ओलांडल्यावर नदी काळीच राहिली.

दक्षिण कोरियाच्या सोल शहराने २००३ ते २००५ या काळात चोंग्येचॉन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडला आणि ५.८ किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला. शहराचा तो भाग पार बदलला. पण तिथेही बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने उचलून आणावं लागतं.

नेदरलँड्सने वेगळा विचार केला. पुरामागून पूर आल्यावर त्यांनी भिंती उंच करण्याऐवजी नदीला जागा द्यायची ठरवली. नायमेखन शहरात वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे सरकवला आणि त्यासाठी काही घरं हलवली. पात्र रुंद झालं, मध्ये बेट तयार झालं आणि त्यावर बाग आली. आधी नदीची सोय, मग माणसांची.

आता आपल्याकडे बघा. पंधरा-वीस नद्यांचं पाणी उचलून आणायची चैन आपल्याला परवडणारी नाही आणि तशी गरजही नाही. घाटमाथ्यावर पाऊस आहे, धरणं आहेत. प्रश्न वाटपाचा आणि घाण अडवण्याचा आहे.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

ज्याला नदीजवळ घर घ्यायचं आहे त्याने हा भाग नीट वाचावा.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी पूररेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल पूररेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, उदाहरणार्थ इमारतीचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर असलं पाहिजे.

'२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची २४ वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी अशा पुराची शक्यता चार टक्के असते आणि लागोपाठ दोन वर्षंही तो येऊ शकतो.

चिखलीमध्ये इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बंगले उभे राहिले होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले पाडले. अनेकांची आयुष्यभराची कमाई त्यात होती. पाडताना सगळ्यांना दिसलं, पण प्लॉट विकले जात होते, वीज-पाणी जोडलं जात होतं, तेव्हा कोणी थांबवलं नाही.

पूर ही कागदावरची भीती नाही. घाटात पाऊस वाढला, पवनेचा विसर्ग वाढला की चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरात पाणी शिरतं. २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पुराने पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांचे खालचे मजले बुडवले.

पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पावरचा आक्षेपही याच मुद्द्यावर आहे. सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. महापालिका म्हणते की बांधामुळे पुरापासून संरक्षण मिळेल. पर्यावरण कार्यकर्ते म्हणतात की भरावामुळे पात्राची रुंदी घटेल, काठावरची जुनी झाडं जातील आणि पाणी दुसरीकडे घुसेल. पिंपरी-चिंचवडमध्ये मुळेच्या वाकड ते सांगवी पट्ट्यात काम सुरू झालं, तेव्हा पिंपळे निलख परिसरात झाडांसाठी नागरिक रस्त्यावर उतरले.

आणि मावळचा स्वतःचा नदीकाठ?

शहराच्या काठाबद्दल बोलताना एक गोष्ट राहून जाते. राज्यात पावसाळ्यात ज्या पाणवठ्यांवर सगळ्यात जास्त गर्दी होते, त्यातले कितीतरी लोणावळा आणि मावळात आहेत. तिथे सुधारणा हवी ती जीव वाचवण्यासाठी.

भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. आज ते पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी ओळखलं जातं. ३० जून २०२४ रोजी या धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढलं, कारण पाऊस वर डोंगरात पडत होता.

१५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवार होता आणि पुलावर पर्यटकांची गर्दी होती. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. कुंडमळ्याचे रांजणखळगे पाहायला लोक वर्षानुवर्षं येत होते. गर्दी वाढत गेली, पूल मात्र जुनाच राहिला.

दोन्ही घटनांनंतर बंदी, फलक, गुन्हे, पंचनामे झाले. पण लोक पाण्याजवळ जाणारच, हे गृहीत धरून काम करणं म्हणजेच नदीकाठ सुधार. पक्का आणि तपासलेला साकव, पाणी वाढल्याचा भोंगा, कुठवर जायचं ते सांगणारी रेलिंग, गर्दीची मर्यादा, प्रशिक्षित जीवरक्षक, शौचालयं आणि कचऱ्याची सोय. शहरातल्या एका चकचकीत टप्प्यापेक्षा यावर खर्च कमी येईल. आणि गावातल्या तरुणांना त्यातून काम मिळेल.

तुमच्या नदीकाठच्या प्रकल्पाकडे कसं बघायचं?

पुढच्या वेळी असं सुंदर चित्र तुमच्या मोबाइलवर आलं, तर पुढे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारून बघा.

१. या पट्ट्यात किती नाले नदीला मिळतात आणि त्यातले किती अडवले गेले?

२. एप्रिल-मे महिन्यात या नदीत पाणी कुठून येणार आहे?

३. कामानंतर पात्राची रुंदी कमी होणार आहे का? निळी पूररेषा जागेवर राहणार आहे की सरकणार आहे?

४. समोरच्या काठावर आणि वरच्या गावांत काय चाललंय? त्यांच्यासाठी पैसे कोण देणार आहे?

५. काठावर आधीपासून कोण आहे? शेतकरी, मच्छीमार, वस्ती, देऊळ, जुनी झाडं. त्यांचं काय होणार?

यातल्या पहिल्या चारपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर तो बागेचा प्रकल्प आहे, नदीचा नाही, असं समजायला हरकत नाही. बागही चांगलीच गोष्ट आहे. पण तिला नदी पुनरुज्जीवन म्हणू नये.

वरच्या गावांशी भागीदारी म्हणजे काय, तेही कठीण नाही. शहर मावळचं पाणी घेतं, तर लोणावळ्यापासून देहूपर्यंतच्या गावांच्या सांडपाण्याचा खर्च शहराने आणि राज्याने उचलावा. धरणातून शहराला पाणी देताना नदीसाठीही किमान प्रवाह ठरवून सोडावा. धरणग्रस्तांचे जुने प्रश्न नव्या प्रकल्पाच्या आधी सुटावेत. हे शहराने केलेले उपकार ठरणार नाहीत. रोज जे पाणी आपण पितो त्याची ही देखभाल आहे.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवनेचं पाणीही मुळा-मुठेतून पुढे भीमेतच येतं. भीमा उजनी धरणात जाते, ज्या धरणातून सोलापूर पाणी पितं, आणि तिथून पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून जिथे जायला निघते, तिथेच हे पाणीही जातं. त्यामुळे कुरवंड्याच्या ओढ्यात किंवा चिंचवडच्या नाल्यात आपण जे सोडतो, ते कोणाच्या तरी ओंजळीत पोहोचतं.